स्वराचे घर कोणते?

कोणताही महोत्सव ठरावीक दिवशी सुरू होतो आणि ठरावीक दिवशी संपतो. मधल्या काळात जे घडते, त्याचा हिशेब बहुधा गर्दीवरून आणि वर्तमानपत्रांतील कात्रणांवरून मांडला जातो. कलेच्या बाबतीत मात्र हा हिशेब अपुरा ठरतो. मांडव उतरल्यावर काय उरले, ते कोणापाशी उरले, आणि जे उरले नाही ते का उरले नाही, हे प्रश्न विचारल्यावाचून महोत्सवाचे मूल्यमापन पुरे होत नाही. विशेषतः जेव्हा एखादे विद्यापीठ समकालीन कलांचा उत्सव मांडते, तेव्हा हे प्रश्न अधिक निकडीचे होतात. कारण विद्यापीठाचा धर्मच मुळी जतनाचा आणि अध्यापनाचा आहे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९४८ मध्ये सुरू केलेला समकालीन कलांचा महोत्सव या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. अर्बाना आणि शॅम्पेन ही जोडगावे शिकागोच्या दक्षिणेस सुमारे २२० किलोमीटरवर, मका-सोयाबीनच्या अफाट सपाट शेतांमध्ये वसली आहेत. तेथील हे विद्यापीठ १८६७ मध्ये स्थापन झाले ते शेती आणि यंत्रविद्या शिकविण्याच्या हेतूने. १८८५ पर्यंत त्याचे नावही 'इलिनॉय औद्योगिक विद्यापीठ' असेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळू लागले आणि अमेरिकेतील विद्यापीठे विद्यार्थ्यांनी ओसंडून गेली. न्यूयॉर्कपासून दूर, शेतीच्या मुलखात, अशा काळात चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य या कलांतील अगदी आजचे, अजून कोणी शिक्कामोर्तब न केलेले काम आणून मांडण्याचा निर्णय या विद्यापीठाने घेतला, ही गोष्ट सामान्य नव्हे. १९५३ पर्यंत हा महोत्सव दरवर्षी भरला. त्यानंतर तो वर्षाआड, विषम वर्षी भरू लागला.

त्याचा कणा होता तो समकालीन अमेरिकन चित्रकलेच्या प्रदर्शनाचा. पुढे त्याला शिल्पकलेचीही जोड मिळाली. प्रदर्शनाबरोबर निघणारी सूचीपुस्तके आजही जाणकार जपून ठेवतात. निवडलेल्या कृतींच्या छायाचित्रांसोबत त्यांत कलावंतांची चरित्रटिपणे आणि त्यांची स्वतःची निवेदने छापलेली असत. ललित कला महाविद्यालयाचे अधिष्ठाते आणि कलेतिहासकार ॲलन वेलर यांच्या प्रस्तावना असत. चित्रकाराला स्वतःविषयी बोलू द्यायचे आणि अभ्यासकाने त्याच्या शेजारी उभे राहून बोलायचे, ही पद्धत विद्यापीठाला शोभणारी होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रदर्शनातील काही कृती विद्यापीठ विकत घेत असे. दर खेपेस भिंतींवरची काही चित्रे परत जात नसत. हा संग्रह वाढत गेला, त्याला स्वतंत्र वास्तूची गरज भासू लागली, आणि १९६१ मध्ये क्रॅनर्ट कला संग्रहालय उघडले. महोत्सवातून संग्रह आणि संग्रहातून वास्तू, असा हा क्रम आहे. चित्रकलेपुरते बोलायचे तर महोत्सवाने आपल्या कलावंतांचे देणे फेडले, असे निःसंकोच म्हणता येईल.

आता संगीताकडे वळू. चित्राला खिळा ठोकून भिंतीवर टांगता येते. स्वर वाजतो आणि विरतो. हा भेद निसर्गाचाच आहे. त्याचा दोष कोणा संस्थेला देता येत नाही. परंतु निसर्गाने केलेल्या या अन्यायावर उपाय शोधणे हे संस्थेचे काम असते. इलिनॉयने तो शोधला का, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

एका दिशेने त्याचे उत्तर होकारार्थी आहे. या विद्यापीठात १९५२ पासून 'इलियाक' नावाचा, खोलीभर पसरलेला संगणक चालू होता. लजॅरन हिलर हे तेथे रसायनशास्त्राचे संशोधक होते आणि त्यांचे शिक्षणही रसायनशास्त्रात झालेले. त्यांनी लिओनार्ड आयझॅकसन यांच्या सहकार्याने या यंत्राकडून तंतुवाद्य-चौकडीसाठी रचना करवून घेतली. तिचे तीन भाग ९ ऑगस्ट १९५६ रोजी अर्बाना येथे वाजविण्यात आले. 'इलियाक सूट' या नावाने ती चार भागांत १९५७ मध्ये पूर्ण झाली. यंत्र वाटेल तसे आकडे उत्पन्न करी, आकड्यांचे स्वर होत, आणि नियमांत न बसणारा स्वर बाद करून यंत्र पुन्हा नवा आकडा काढी. आमच्या वाचकांना कुतूहल वाटेल ते पुढेच. आरंभीच्या भागांसाठी यंत्राला दिलेले नियम होते कडक प्रतिस्वररचनेचे. पालेस्त्रिनाच्या बहुस्वरी चर्चसंगीताचा आदर्श समोर ठेवून योहान योसेफ फुक्सने १७२५ मध्ये जे पाठ्यपुस्तक लिहिले, त्याच परंपरेतले हे नियम. जगातील एका अतिनव्या यंत्राची धुळाक्षरे चर्चच्या गायकवृंदाने घालून दिली होती! रचना स्वतः फारशी हृद्य आहे, असे म्हणता येणार नाही. पहिले भाग विद्यार्थ्याच्या वहीसारखे निर्दोष आणि निरस आहेत. परंतु १९५८ मध्ये हिलर संगीत विभागात आले, त्यांनी प्रायोगिक संगीताची कार्यशाळा स्थापन केली आणि ती पुढे चालू राहिली. येथे विद्यापीठाने स्वराला एक खोली दिली, यंत्रे दिली आणि विद्यार्थी दिले.

दुसऱ्या दिशेने पाहता उत्तर इतके सरळ नाही. त्या दिशेला हॅरी पार्च उभा आहे.

पार्चचा जन्म १९०१ चा. त्याचे आईवडील चीनमध्ये प्रेस्बिटेरियन मिशनरी म्हणून काम करून परतलेले. संगीताचे रूढ शिक्षण त्याला मानवले नाही. १९३० मध्ये त्याने तोवरच्या आपल्या सर्व रचना चुलीत घालून जाळल्या. मंदीच्या काळात तो मालगाड्यांतून फिरणाऱ्या बेघर मजुरांत राहिला. चिनी कवी ली पो याच्या कवितांना आणि स्तोत्रसंहितेतील २३ व्या व १३७ व्या स्तोत्रांना त्याने मानवी बोलण्याच्या चढउतारांशी इमान राखणारे स्वर दिले. त्याचा मूळ आक्षेप पियानोच्या पट्टीवर होता. पियानो सप्तकाचे १२ समसमान भाग करतो. त्यामुळे कोणत्याही पट्टीत वाजविण्याची सोय होते, पण षड्जाशी जन्मजात नाते सांगणारे स्वर त्यात किंचित हलतात.

हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याहून पेटीचा गांधार थोडा चढा लागतो, ही तक्रार आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी घडविण्याचा खटाटोप केला. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी घातली ती १९७१ पर्यंत पूर्णपणे टिकली. आपल्या चर्चमध्ये मात्र तिला कोणी अडविले नाही, आणि मराठी मिस्साविधीतील गायनाला तर तिचाच मोठा आधार राहिला. देवलांच्या आणि पार्चच्या विचारांत प्रत्यक्ष देवाणघेवाण झाली असे सुचविण्याचा हेतू नाही. परंतु दोघांचे दुखणे एक होते, आणि गंमत अशी की उपायासाठी दोघांनीही हात घातला तो पेटीलाच. पार्चने जुनी पायपेटी घेऊन तिच्या पट्ट्या नव्याने जुळविल्या, ओळखीसाठी त्यांना रंग दिले, आणि सप्तकात ४३ असमान स्वर बसविले. या वाद्याला त्याने 'क्रोमेलोडियन' असे नाव दिले.

पण एका पेटीने त्याचे समाधान होणार नव्हते. त्याने वाद्यांचे एक कुटुंबच उभे केले. प्राचीन ग्रीकांच्या वाद्यावरून बेतलेली पुरुषभर उंचीची 'किथारा' त्यात आहे. ज्याचा खर्ज कानाआधी छातीला जाणवतो असा लाकडी फळ्यांचा अजस्र मरिंबा आहे. बर्कली येथील किरणोत्सार-प्रयोगशाळेतील काचेचे मोठे बुधले कापून केलेली, अधांतरी टांगलेली भांडी आहेत. तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे एक वाद्य आहे. ही वाद्ये ऐकण्याइतकीच पाहण्याची आहेत. पार्चचा आग्रहच असा होता की, वादक आणि वाद्य रंगमंचावर दिसले पाहिजेत, वादकाच्या शरीराची हालचाल हा नाट्याचाच भाग झाला पाहिजे. संगीत आणि दृश्यकला यांची त्याने केलेली सांगड एकाच कार्यक्रमपत्रिकेवर शेजारी छापण्याच्या जातीची नव्हती. ती एकाच लाकडातून कोरलेली होती.

बेन जॉन्स्टन हा तरुण रचनाकार १९५० मध्ये पार्चकडे शिकला होता आणि पुढच्याच वर्षापासून इलिनॉयमध्ये शिकवीत होता. मुख्यतः त्याच्या प्रयत्नांमुळे पार्च १९५६ च्या सुमारास वाद्यांसह अर्बानात आला. २६ मार्च १९५७ रोजी महोत्सवात त्याच्या 'द बिविच्ड' या नृत्यप्रहसनाचा पहिला प्रयोग झाला. वृंदाचे संचालन जॉन गार्वी यांनी केले, नृत्यरचना ऑल्विन निकोलाय यांची होती. कथासूत्र असे : वाट चुकलेल्या वादकांचा एक मेळा आणि एक आदिम चेटकीण, त्यांच्यासमोर आधुनिक माणसे एकामागून एक येतात. त्यांत विद्यार्थी आहेत, सामना हरलेला बास्केटबॉलचा संघ आहे, मद्याचे पेले हाती घेतलेली रसिक मंडळीही आहेत. या माणसांवर चेटूक कोणी बाहेरच्याने केलेले नाही. पाळण्यापासून अंगात मुरलेले पूर्वग्रह हेच त्यांच्यावरचे चेटूक, आणि चेटकीण ते उतरविते. विद्यापीठाच्या रंगमंचावर, विद्यापीठातील रसिकांसमोर, विद्यार्थ्यांनीच वाजवून विद्यापीठीय शहाणपणाची ही थट्टा केली. अशा प्रयोगाला जागा आणि वाद्यवृंद पुरविणाऱ्या संस्थेचे कौतुक करावे तेवढे थोडे.

प्रयोगात खोट होती, आणि ती उघड दिसण्याजोगी होती. निकोलाय हे अमूर्त नृत्याचे समर्थ रचनाकार. त्यांना आकार, वेष आणि प्रकाश यांचा स्वतंत्र खेळ हवा होता. पार्चला हवी होती कथेतली माणसे, त्यांची फजिती आणि त्यांचे हसू. दोघांचे पटले नाही आणि पार्च कमालीचा दुखावला. या भांडणाकडे दोन लहरी कलावंतांचा कलह म्हणून पाहणे सोपे आहे. मला त्यात महोत्सव या रचनेचीच मर्यादा दिसते. महोत्सव नामवंतांना एकत्र आणतो. एकत्र वाढू देत नाही. ज्या कृतीत नृत्य, नाट्य आणि नाद एकाच देहाचे अवयव व्हायचे होते, तिचे एक अंग एका गावी आणि दुसरे दुसऱ्या गावी तयार होऊन प्रयोगाच्या वेळी जोडले जाते, तेव्हा शिवण दिसणारच.

११ एप्रिल १९६१ रोजी त्याच महोत्सवात पार्चची दुसरी मोठी कृती सादर झाली : 'रेव्हलेशन इन द कोर्टहाउस पार्क'. युरिपिडीसच्या 'बॅकी' या शोकांतिकेवर ती आधारलेली आहे. एक प्रवेश प्राचीन थीब्झमध्ये तर पुढला अमेरिकेतील एका लहान गावच्या कचेरीपुढील बागेत, असा तिचा क्रम. प्राचीन नाटकातला डायोनिसस बागेत सिनेमातल्या लाडक्या गायकाच्या रूपाने अवतरतो, आणि उन्मादात स्वतःच्या पुत्राला फाडणारी माता तेथे एक साधी गावकरी आई असते. पितळी वाद्यांचा बँड, नर्तक आणि कसरतपटू यांनी भरलेली ही कृती वरवर जत्रेसारखी भासते. पण भक्ती आणि झुंड यांतील सीमारेषा कोठे पुसली जाते, हा तिचा गाभ्याचा प्रश्न आहे. माणसाला पूजेची भूक असते; ती भूक योग्य वेदी शोधत नाही, तेव्हा जवळ असेल त्या चबुतऱ्यावर कोणालाही बसविते. श्रद्धावंत वाचकाने ही कृती अश्रद्धाची म्हणून बाजूला सारू नये. आपल्या काळातील मूर्तिपूजेचे इतके निर्भीड दर्शन धार्मिक म्हणविणाऱ्या रंगभूमीवरही क्वचित घडते. या खेपेस जवळजवळ सारे विद्यापीठच रंगमंचावर उतरले होते, आणि म्हणूनच १९५७ ची शिवण येथे बरीच सांधली गेली.

येथे तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १९६१ च्या एप्रिलमध्ये हा प्रयोग झाला. त्याच वर्षी क्रॅनर्ट संग्रहालयाचे दार उघडले. आणि १९६२ मध्ये पार्च आपली सारी वाद्ये घेऊन अर्बाना सोडून गेला. कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी, कोंबड्यांची पिल्ले उबविण्याच्या एका जुन्या शेडमध्ये त्याने आणि त्याच्या वाद्यांनी मुक्काम केला. कायमचे अध्यापकपद त्याला तेथे मिळाले नाही आणि आयुष्यात कोठेच मिळाले नाही. ज्या वर्षी चित्रांना छप्पर मिळाले, त्याच्या पुढच्याच वर्षी वाद्ये उघड्यावर पडली. ती वाद्ये रंग, लाकूड आणि काच यांची शिल्पे होती. संग्रहालयाच्या कोणत्याही दालनात ती शोभली असती. परंतु ती 'संगीत' या खात्यात मोडत होती, आणि संग्रहालय 'दृश्यकला' या खात्याचे होते. महोत्सवाने दोन कलांना एका नावाखाली आणले खरे. त्यांच्यामधली भिंत मात्र तशीच राहिली.

ही भिंत पाडण्याचा एक भव्य प्रयत्न पुढे त्याच विद्यापीठात झाला. १६ मे १९६९ रोजी तेथील अवाढव्य क्रीडागृहात जॉन केज आणि हिलर यांनी 'एचपीएससीएचडी' सादर केली. हार्प्सिकॉर्ड या वाद्याच्या नावाचे संगणकाला मानवेल असे सहा अक्षरी रूप म्हणजे हे शीर्षक. ७ हार्प्सिकॉर्ड, संगणकाने रचलेल्या पन्नासहून अधिक ध्वनिफिती, पडद्यांवर हजारो पारदर्शिका आणि चित्रपट. सुमारे ५ तास हे सारे एकाच वेळी चालले होते, आणि हजारो प्रेक्षक त्यात मुक्तपणे हिंडत होते. त्या रात्रीचा उत्साह खरा होता. तरीही समीक्षकाला म्हणावे लागते की, येथे नाद आणि दृश्य शेजारी आले ते संख्येच्या बळावर. एकाला दुसऱ्याची गरज होती असे दिसत नाही. किंबहुना अशी गरज नसावी हीच केजची भूमिका होती. पार्चच्या मरिंब्यावर वादक वाकतो तेव्हा त्याची पाठ, फळी आणि खर्ज ही तिन्ही एकच गोष्ट सांगतात. केजच्या सभागृहात प्रत्येक जण आपापली गोष्ट सांगतो. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. परंतु एकात्मता हवी असेल, तर ती पहिल्याच मार्गावर भेटते.

मग इलिनॉयने पार्चचे काहीच राखले नाही, असा निष्कर्ष काढायचा काय? तसे केल्यास अन्याय होईल. १९५७ च्या कृतीचे ध्वनिमुद्रण पार्चने आपल्या 'गेट फाइव्ह' या स्वतःच्या मुद्रेखाली प्रसिद्ध केले, म्हणून तो नाद आपल्यापर्यंत पोहोचला, अर्थात, दृश्यावाचून. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे जॉन्स्टन तेथेच राहिला. सुतारकामाचा हात आपल्याला नाही, हे तो जाणून होता; गुरूप्रमाणे नवी वाद्ये घडविण्याच्या फंदात तो पडला नाही. त्याने गुरूचा कान घेतला आणि तो रूढ वाद्यांना शिकविला. तंतुवाद्य-चौकडी हा पाश्चात्त्य संगीतातील सर्वांत कुलीन प्रकार. त्यातील चार वादकांना त्याने शुद्ध नात्यांचे स्वर ऐकून ऐकून जुळवायला लावले. १९७३ ची त्याची चौथी चौकडी 'अमेझिंग ग्रेस' या सुपरिचित भक्तिगीताच्या चालीवर उभी आहे. साध्या पाच स्वरांपासून निघून ती चाल पायरीपायरीने अधिकाधिक सूक्ष्म स्वरांत उलगडत जाते, आणि कितीही गुंतागुंत झाली तरी ऐकणाऱ्याचा तिच्याशी असलेला घरोबा तुटत नाही. पार्चचा कान येथे विद्यार्थ्याच्या हातून चालता राहिला आहे. जॉन्स्टन २०१९ मध्ये निवर्तला; तोवर त्याच्या चौकड्या वाजवू शकणाऱ्या वादकांची नवी पिढी तयार झाली होती.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. घराणे म्हणजे दुसरे काय? ज्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते, त्या काळी स्वर राहत असे तो गुरूच्या गळ्यात आणि शिष्याच्या कानात. चित्राला संग्रहालय लागते, तसा स्वराला अध्यापक लागतो. म्हणून विद्यापीठाने संगीतावर खर्च करताना एका रात्रीच्या मानधनाआधी एका माणसाच्या वीस वर्षांच्या वेतनाचा विचार करावा. पार्च हा इलिनॉयच्या महोत्सवाचा गौरव, तर जॉन्स्टन हा इलिनॉय विद्यापीठाचा. या दोहोंतला फरक ध्यानी घेतला, तर महोत्सवाची खरी किंमत कळते. ज्याला पुढे सांभाळायचे, त्याच्याशी पहिली भेट महोत्सव घडवून देतो. सांभाळण्याचे काम उरलेल्या दिवसांचे.

आणि वाद्ये? पार्च १९७४ मध्ये वारला. त्यानंतर ती त्याच्या अनुयायांनी जिवापाड जपली, दुरुस्त केली, वाजती ठेवली. बरीच भटकंती करून २०१४ मध्ये ती वॉशिंग्टन विद्यापीठात पोहोचली. म्हणजे अखेर त्यांना पुन्हा विद्यापीठाचेच दार ठोठवावे लागले. तारुण्यात पार्चने ज्या १३७ व्या स्तोत्राला स्वर दिले होते, त्यात परक्या भूमीत वीणा झाडांना टांगून बसलेल्या निर्वासितांची व्यथा आहे. त्याची वाद्ये मात्र स्वतःच्याच देशात निर्वासित झाली होती.

आपल्याकडील विद्यापीठांचे युवक महोत्सवही दरवर्षी थाटाने भरतात. समूहगान, सुगम गायन, स्थळचित्र, रांगोळी, मातीकाम असे विभाग असतात. गुणवत्तेला तोटा नसतो, पारितोषिकेही मिळतात. भर असतो तो सादरीकरणावर आणि स्पर्धेवर. यंदा प्रथमच रचलेले असे काय ऐकले, कोणते चित्र विद्यापीठाने आपल्या भिंतीसाठी राखून ठेवले, कोणत्या नव्या रचनाकाराला पुढील वर्षासाठी खोली, वाद्य आणि विद्यार्थी दिले, हे प्रश्न निकालपत्रकात नसतात. आपल्या धर्मग्रामांच्या सणांनाही हेच लागू पडते. सणासाठी रचलेले नवे गीत सणानंतर कोठे जाते? त्याची स्वरलिपी कोणी लिहून ठेवली, ते पुढच्या पिढीच्या गायकवृंदाला कोणी शिकविले? यासाठी वास्तू बांधावी लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. एक वही, एक जाणता कान आणि त्याला सांभाळणारी एक संस्था एवढ्याने प्रारंभ होतो.